चौथा रकाना

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आजचा अख्खा दिवस एका आडव्या रेघेने खाल्ला. घरच्या लिनक्स सर्व्हरच्या, इंटेग्रिटीटॅब नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चौथ्या रकान्यात मी सकाळी, डोळे मिटत असताना, नुसती एक रेघ मारून ठेवली होती.

हे सगळं आत्याच्या फोटोपासून सुरू झालं. दिवाळीत तिला तिच्या लग्नाचे स्कॅन दाखवायला बसलो होतो. एक फोटो उघडला तर वर आत्या, मुंडावळ्या, अंतरपाटाची कड, आणि कमरेखाली सगळा करडा पट्टा. बॅकअप उघडला, तिथेही तोच पट्टा. फाइल कधीतरी सडली होती आणि बॅकअपने ती सडकी फाइल इमानेइतबारे जपून ठेवली होती. घरच्या सर्व्हरवर दोन डिस्कांचं रेड-1 होतं, म्हणजे सगळ्याची एकेक प्रत दोन्ही डिस्कांवर, म्हणून मी निर्धास्त होतो. तीच चूक. डिस्क ‘मला वाचता येत नाही’ म्हणाली तर रेड दुसरीकडून वाचतं. पण डिस्कने शांतपणे चुकीचे बाइट हातात ठेवले तर रेडला कळायला मार्ग नाही. दोन्ही प्रतींची तुलना करायला सांगितली तर फरक आहे एवढं सांगतं, खरी कुठली ते नाही. आणि रिपेअर करायला सांगितलं तर पहिली वाचता आलेली प्रत खरी धरून दुसरीवर उतरवतं. नशिबात असेल तर चांगली प्रत पुसली जाते.

ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘झेडएफएस टाक आणि झोप.’ ही फाइलसिस्टम असे बिघाड स्वतःच पकडते, त्यामुळे खरं तर बरोबर होतं त्याचं. पण मला आहे तेच रेड ठेवायचं होतं, फक्त त्याच्या खाली असं काहीतरी हवं होतं जे खोटं बोलणाऱ्या डिस्कला पकडेल. ते काम लिनक्समधलं डीएम-इंटेग्रिटी करतं. डिस्कच्या प्रत्येक सेक्टरसोबत, म्हणजे छोट्या तुकड्यासोबत, त्याचा चेकसम (त्यातल्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहून ठेवायचा, वाचताना पडताळायचा, जुळला नाही तर डेटा द्यायचाच नाही, सरळ एरर द्यायची. एरर आली की वरच्या रेडला दुसऱ्या डिस्ककडे वळता येतं. गप्प बसणाऱ्या बिघाडाला बोलतं करायचं, एवढंच.

काल दुपारी दोन्ही चार-चार टीबीच्या डिस्का रिकाम्या केल्या आणि त्याच्या इंटेग्रिटीसेटअप या कमांडने फॉरमॅटला लावल्या. चेकसम काढायचा अल्गोरिदम आपण सांगितला नाही तर आपोआप मिळतो तो सीआरसी32सी. चार बाइटांचा चेकसम, आपोआप सडणाऱ्या डेटासाठी पुरून उरतो. मला मात्र एसएचए-256 ची हौस. दर 4096 बाइटांमागे 32 बाइट, म्हणजे चार टीबीत सुमारे 31 जीबी चेकसमलाच गेले. गेले तर गेले. (बरं, किल्लीशिवायच्या एसएचए-256 ने कोणी मुद्दाम केलेला फेरफार पकडला जात नाही. करणारा चेकसमही नवा लिहील. त्यासाठी एचएमॅक, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून काढलेला चेकसम, आणि त्या किल्लीची फाइल लागते. आत्याच्या लग्नाच्या फोटोंवर कोणाचा डोळा असेल असं मला वाटत नाही.)

फॉरमॅटला रात्र गेली, कारण सगळी डिस्क एकदा पुसून चेकसम बसवल्याशिवाय वाचायला गेलं की एररच येते. दोनच्या सुमारास लाइट गेली. इन्व्हर्टरने धरलं, पण मी अंथरुणात उठून बसलो. आईने आतून विचारलं, ‘काय रे, अजून जागाच?’ ‘डिस्क पुसतोय’ म्हटलं. त्यावर ती काहीच बोलली नाही. जर्नल मोड ठेवायचा हे मात्र तेव्हाच ठरलं. त्यात सगळं आधी जर्नलमध्ये आणि मग जागेवर असं दोनदा लिहिलं जातं, वेग पडतो, पण मधेच वीज गेली तरी डेटा आणि चेकसम एकमेकांना सोडत नाहीत. बिटमॅप मोड वेगवान आहे. तो वीज गेल्यावर अर्धवट राहिलेल्या भागांचे चेकसम नव्याने काढतो. तेवढ्या भागात काही बिघडलं असेल तर तो बिघडलेल्यालाच खरं मानणार. नको.

सकाळी बूटची तजवीज, म्हणजे मशीन सुरू होताना या डिस्का आपोआप उघडाव्यात याची. लिनक्समध्ये बूटच्या वेळी बाकी सगळं सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या 250 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2021 च्या डिसेंबरपासून, यासाठी इंटेग्रिटीटॅब आहे. एका ओळीत चार रकाने: नाव, खालची डिस्क, किल्लीची फाइल, पर्याय. बूटच्या सुरुवातीलाच सिस्टमडीचा जनरेटर ही फाइल वाचतो आणि प्रत्येक ओळीची एक सर्व्हिस बनवतो. नावं ठेवली ‘डावा’ आणि ‘उजवा’. आधी ‘फोटो-डावा’ ठेवणार होतो, पण नावात मधली रेघ आली की सर्व्हिसच्या नावात तिचं असं विचित्र रूपांतर होतं की टाइप करताना हात दुखतो. दुसऱ्या रकान्यात एसडीए, एसडीबी ही लिनक्सने दिलेली डिस्कांची नावं लिहायची नाहीत एवढी अक्कल होती. पेनड्राइव्ह लावून बूट केलं की ही अक्षरं जागा बदलतात. डीएम-इंटेग्रिटीच्या हेडरला स्वतःचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, नसतो, म्हणून पार्टिशनचा, म्हणजे पार्टयूयूआयडी दिला. तिसऱ्यात रेघ, किल्ली नाही म्हणून. चौथ्यातही रेघ, झोप आली म्हणून. हाताने उघडून, वर रेड बांधून, फोटो चढवून सगळं नीट चाललेलं होतं. रीबूट केलं.

दीड मिनिट बूटच्या स्क्रीनवरचा तो लाल तारा इकडून तिकडे फिरत राहिला, आणि मग इमर्जन्सी मोड, म्हणजे बूट अर्धवट सोडून नुसती कमांड लाइन. लॉग उघडला तर चेकसम फेल्ड, चेकसम फेल्ड, ओळीच्या ओळी, डावा आणि उजवा दोन्ही. पोटात गोळा आला. एका रात्रीत दोन्ही डिस्का? डीडी कमांडने डिस्क थेट वाचून पाहिली तर एरर काय यावी? ‘इनव्हॅलिड ऑर इनकम्प्लीट मल्टीबाइट ऑर वाइड कॅरेक्टर’. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, त्यामुळे ही ओळ मला ओळखीची. मोडक्या देवनागरीवर ती येते, डिस्कवर कशाला? अर्धा तास मी फाइलींच्या नावांना दोष देत होतो. खरं कारण साधं निघालं: कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चेकसम न जुळल्याचा निरोप ज्या एरर कोडने देतो, त्याच कोडचं हे जुनं वाक्य आहे. डिस्कचा अक्षरांशी काही संबंध नाही.

चहा झाल्यावर डोकं चाललं. फॉरमॅट करताना कोणता अल्गोरिदम वापरला हे हेडरमध्ये लिहिलेलंच नसतं. उघडताना दरवेळी आपणच सांगायचं. सकाळी मी हाताने उघडताना एसएचए-256 सांगितलं होतं. बूटला चौथ्या रकान्यात रेघ दिसली, त्याने सीआरसी32सी धरलं, डिस्का तक्रार न करता उघडल्या, आणि पुढचं प्रत्येक वाचन फेल. मग रेडला स्वतःचं हेडर सापडेना, रेड नाही म्हणून फोटोंची फाइलसिस्टम जोडणं, म्हणजे माउंट, नाही, माउंट नाही म्हणून इमर्जन्सी. रेघ खोडून तिथे ‘इंटेग्रिटी-अल्गोरिदम=एसएचए256’ लिहिलं. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला काय काय माउंट करायचं त्या यादीत, ‘हे नसलं तरी पुढे जा’ सांगणारं नोफेलही घातलं, फोटो नसले म्हणून अख्खं मशीन अडून बसायला नको. इंटेग्रिटीटॅबमध्ये नोफेलसारखं काही नाही. या वेळी आधी डिमन-रीलोड करून, म्हणजे सिस्टमडीला सेटिंग पुन्हा वाचायला लावून, दोन्ही सर्व्हिस हाताने सुरू करून पाहिल्या. ते सकाळीही करता आलं असतं.

संध्याकाळी परीक्षा. रेड थांबवलं, ‘उजवा’ बंद केला आणि त्याच्या खालच्या पार्टिशनच्या मधोमध थोडा कचरा लिहिला. हात थरथरत होता हे खरं. परत सगळं जोडून रेडला तपासणी लावली. काही तासांनी लॉगमध्ये उजव्याच्या नावाने चेकसम फेल्ड आलं, नेमक्या त्याच जागी. रेडने तेवढा तुकडा डाव्याकडून घेऊन उजव्यावर परत लिहिला. त्याच जागा दोन्हीकडून पुन्हा वाचल्या, एकही एरर नाही.

आत्याचा तो फोटो यातून परत येणार नाही. रात्री तिला फोन केला. मूळ प्रत सांगलीच्या घरी कपाटात आहे म्हणाली. ‘ये आणि घेऊन जा. पण अल्बममधून ओढून काढू नकोस हं, डिंकाने चिकटवलाय तो.’