बसऱ्याच्या भिंतीवर नाव नाही : महायुद्धात गेलेल्या पूर्वजाची नोंद शोधताना

पहिला रकाना आडनावाचा, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. पणजोबांचे धाकटे भाऊ १९१५ साली ‘बसऱ्याला’, म्हणजे आजच्या इराकात, गेले ते परत आले नाहीत, एवढंच आमच्या घरात माहीत. नाव, आडनाव, गाव, सगळं पाठ होतं. ठाण्यातल्या घरी बसून अर्ध्या तासात उरकेल असं वाटलं होतं, त्याला चार महिने लागले. त्यातले साडेतीन तर त्या एका रकान्यातच गेले.

कारण साधं आहे. चौकट बनवली ती नाव आणि आडनाव वेगवेगळं लिहिणाऱ्यांसाठी. आपल्या शिपायाचं नाव पलटणीच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. पुष्कळदा नाव-आडनाव मिळून सगळंच आडनावाच्या रकान्यात गेलंय आणि नावाचा रकाना कोराच आहे. म्हणून आडनावाच्या जागी आधी पाळण्यातलं नाव टाकून बघा. तेही नेमकं जुळवून नको, अर्धवट अक्षरांवर शोधा.

आता स्पेलिंग. ‘सावंत’ कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने. ‘गणपत’मधल्या ‘ग’ला कधी ए, कधी यू. ‘सखाराम’मधला एच गळालेला. ‘राव’चा ‘राऊ’ झालेला. ‘ळ’ तर इंग्रजीत नाहीच, त्याचा एल होतो, क्वचित आर किंवा डी. मी एका नावाची अकरा रूपं कागदावर मांडली आणि एकेक टाकत बसलो. तो वेळ वाया गेला, तुम्ही घालवू नका.

त्यापेक्षा नाव सोडून द्या आणि पलटण धरा. शोधाच्या विस्तृत चौकटीत युद्ध, सैन्य (तिथे ‘इंडियन आर्मी’), पलटण आणि मृत्यूच्या तारखांचा काळ निवडता येतो. नावाचा रकाना रिकामा ठेवून त्या पलटणीचे त्या काळातले सगळे मृत काढा, यादी उतरवून घ्या आणि एक्सेलमध्ये उघडून डोळ्यांनी वाचा. शे-दोनशे नावं असली तरी संध्याकाळभराचं काम. मोठ्याने वाचलं तर आणखी चांगलं. जे अक्षरांत ओळखू येत नाही ते कानाला लगेच कळतं. आम्हाला नाव असंच सापडलं.

पलटण शोधतानाही एक खोच आहे. आज सगळे ‘मराठा लाईट इन्फंट्री’ म्हणतात, पण हा एकच रेजिमेंट १९२२ च्या फेररचनेत झाला. त्याआधी १०३, १०५, ११० या मराठा लाईट इन्फंट्री आणि ११४, ११६, ११७ या नुसत्या ‘मराठा’ अशा सुट्या पलटणी होत्या. जुन्या स्पेलिंगात ‘मराठा’मध्ये एम-ए नंतर एक एच आणि पुढे दोन टी असतात, त्यामुळे आजचं स्पेलिंग टाकलं तर हाती काही लागत नाही. घरात ‘कूत’ किंवा ‘वेढा’ असा शब्द ऐकला असेल तर १०३, ११० आणि ११७ पासून सुरुवात करा. इराकातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात या तिन्ही पलटणी अडकल्या होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतर तुर्कांच्या कैदेत पुष्कळजण मेले, म्हणून तारखेचा काळ १९१८ च्या अखेरपर्यंत ताणा. महार सैनिक शोधत असाल तर १९१७ मध्ये उभारलेली १११वी महार पलटण वेगळी बघावी लागते.

तरीही नाव निघालं नाही तर माणूस शिपाई नसेलही. घरोघर ‘पलटणीत होते’ असंच सांगतात, पण भिस्ती, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे ड्राबी, हमाल हे सगळे ‘फॉलोअर’ म्हणून वेगळ्या तुकड्यांत नोंदलेले आहेत. त्यांना कमी लेखून शोध थांबवू नका.

गावाची माहिती नोंदीच्या तळाशी ‘अधिक माहिती’त असते : वडलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. जिल्हा मात्र त्या काळचा धरा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा बराचसा रत्नागिरीत होता आणि सावंतवाडी संस्थान वेगळं. सांगलीकडची कितीतरी गावं साताऱ्यात होती. पनवेल-उरणवाल्यांनो, ‘कुलाबा’ दिसलं की मुंबईतला कुलाबा समजू नका, तो तुमचाच जिल्हा. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं.

हे आधीच सांगायला हवं होतं : घरात पदक असेल तर वरचं निम्मं काम वाचतं. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बॅटरीचा उजेड तिरका पाडून कडेचे फोटो काढा, थोडं थोडं फिरवत. आणि ते चिंच-रांगोळीने घासू नका. दर दसऱ्याला लख्ख केलेल्या पदकाची अक्षरं कायमची जातात, आणि देव्हाऱ्यातली बहुतेक पदकं अशीच लख्ख असतात. साधारण बारा सेंटिमीटरची ब्रिटानिया आणि सिंहाची ब्राँझची तबकडी असेल तर ती मृताच्या वारसाला मिळालेली आहे, पण तिच्यावर नुसतं नाव असतं, हुद्दा नाही.

नोंदीतलं नाव दुरुस्त करून घ्यायचं तर पुरावा लागतो, आणि तो आपल्या आठवणीचा चालत नाही, कागदाचा लागतो. म्हणून मूळ गावाकडच्या एका अभिलेख कक्षात गेलो. खिडकीवरच्या माणसाने न बघताच विचारलं, “कुणबी का?” २०२३ पासून जुन्या नोंदींसाठी येणारा प्रत्येक जण त्यासाठीच येतो, त्याची चूक नाही. लढाईत मेलेल्या माणसाची नोंद हवी म्हटल्यावर त्याने मृत्यूचा दाखला मागितला. इराकात १९१६ साली मेलेल्या माणसाचा! गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, मागायला मला तिसऱ्या फेरीत सुचलं. तिथे गेल्यावर ‘युद्ध’, ‘स्मारक’, ‘शहीद’ यातलं काहीही बोलू नका. नमुन्याचा नंबर, गाव आणि वर्षांचा पट्टा सांगा, उदाहरणार्थ १८९० ते १८९८. पानं मोडीत असतात, मोडी वाचणारा सोबत न्या किंवा नक्कल घेऊन ठाण्यात वाचून घ्या. बऱ्याच नोंदींत ‘अमक्यास मुलगा झाला’ इतकंच असतं, मुलाचं नाव नसतं. पण बापाचं नाव आणि गाव युद्धनोंदीशी जुळलं तर तो दुवा धरता येतो.

नाव सापडल्यावर ‘स्मारक : बसरा’ असं येतं. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेल्या, कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचं हे स्मारक. त्याच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत. भारतीय शिपायांची नाहीत. पलटणीखाली फक्त आकडा : आणखी इतके भारतीय सैनिक. नावं स्वतंत्र नोंदवहीत. ही असमान वागणूक होती, हे आयोगाच्याच अहवालाने २०२१ मध्ये मान्य केलं. आपल्याकडच्या काही गावांत ‘इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके मेले’ असा संगमरवरी दगड असतो, तिथेही आकडाच.

तेव्हा फुलं घेऊन कुठे जायचं? दिल्लीचं तिकीट काढण्याआधी थांबा. इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण मुख्यतः वायव्य सरहद्दीकडची आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. शेजारच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, जे २०१९ मध्ये खुलं झालं, त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतरचे शहीद आहेत. तुमचा माणूस १९४७ नंतरचा असेल तर तेच ठिकाण. खडकीच्या युद्धसमाधीतल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर अठराशेवर नावं आहेत, तीही भारतातच मेलेल्यांची. बसऱ्यावाल्यांना त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे बेळगावच्या मराठा केंद्रातलं, इराकातल्या शर्कतच्या लढाईचं स्मारक, पण तो लष्करी भाग आहे, आधी परवानगी मागा.

पूर्वज बोटीवर होते? मग एवढं लांब जायचं कारणच नाही. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांवर नावांची स्मरणवही. हुद्दे आपल्याच बोलीतले : सारंग, टिंडेल, आगवाला, भंडारी. ‘भंडारी’ आडनाव समजू नका, तो स्वयंपाकी. ठाण्याहून धीमी गाडी पकडा, जलद मस्जिदला थांबत नाही. वाशी-नेरुळकरांना हार्बर सरळ नेते. इमारतीत आजही खलाशी उतरतात, तेव्हा आधी कार्यालयात विचारा, कामाच्या दिवशी जा, आणि कोणता फलक तो क्रमांक नोंदीतून लिहून न्या.

संकेतस्थळावरून स्मृतिप्रमाणपत्र उतरवता येतं. नौपाड्यात जाड कागदावर छापून घेतलं, चाळीस रुपये. त्यावर नाव मात्र कारकुनाने लिहिलं तेच आलंय, ‘सखाराम’चा ‘सकाराम’. दुरुस्तीचा अर्ज, पदकाच्या कडेचे सहा फोटो आणि मोडीचं लिप्यंतर पाठवून ठेवलंय. फ्रेम अजून केलेली नाही.