फियाटच्या रेडिओसाठी पुलगाव, आर्वी, वरूड

साठच्या दशकातली फियाट ११००, त्यात फिलिप्सचा फक्त मीडियम वेव्हचा रेडिओ. डायलचा दिवा लागायचा, स्पीकर घरघरायचा, पण आकाशवाणी नागपूर (५८५ किलोहर्ट्झ) काही लागेना. वर्ध्याहून निघालो तेव्हा रेडिओ काढून पिशवीत घेतला होता. तुम्हीही तेच करा, आणि त्याचा स्पीकर सोबत ठेवा. स्पीकर न जोडता जुना सेट सुरू केला तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

पुलगावात हाती काही लागलं नाही. "जुने सेट कवाच भंगारात गेले भाऊ, आर्वीले पाहा," असं गॅरेजवाल्यानं सांगितलं.

आर्वीत मिक्सर आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करणारे एक काका भेटले. झाकण काढलं आणि बोट ठेवलं ते चार पायांच्या एएफ ११७ वर. या ट्रान्झिस्टरच्या डबीत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतला भाग डबीला शॉर्ट होतो. चौथा पाय डबीचा, म्हणजे शील्डचा. काकांनी तेवढाच कापला, बॅटरी जोडली, आणि तारेचा तुकडा एरियलला लावताच बातम्या सुरू! दरवेळी जमेलच असं नाही; आतल्या एकाहून जास्त पायांना तंतू भिडले असतील तर ट्रान्झिस्टर बदलावाच लागतो.

सुट्या भागांसाठी आधी नागपूरला धावू नका. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नवे मिळतात. २५ व्होल्टचे घ्या, कारण गाडी चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट येतात. जुने काढण्याआधी फोटो काढा, या सेटांत प्लस-मायनस बरेचदा आपल्या सवयीच्या उलट असतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टर मात्र खेड्यातल्या फडताळांवर पडून आहेत. मर्फी, बुश, फिलिप्सचे घरगुती ट्रान्झिस्टर सेट उघडले की एसी १२८, एसी १८७, एसी १८८ निघतात. नंबर पुसला असेल तर मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा: जर्मेनियम ०.२ ते ०.३ व्होल्ट दाखवतो, सिलिकॉन ०.६ ते ०.७. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन नुसता बसवून चालत नाही, बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला सतत मिळणारा ठरावीक व्होल्टेज, बदलावं लागतं.

ट्यूनरचं, म्हणजे स्टेशन बदलणाऱ्या भागाचं, तसं नाही. तो घरगुती सेटातला चालत नाही, कारण गाडीच्या रेडिओत घरगुती सेटासारखा पात्यांचा गँग कंडेन्सर नसतो, कॉइलमध्ये फेराइटच्या कांड्या आत-बाहेर सरकतात. आमची एक कांडी तुटकी होती. तळेगाव, आष्टी करत वरूडला गेलो. तिथं एका संत्र्याच्या वाडीत शेडमध्ये उभ्या ॲम्बेसिडरमध्ये फिलिप्सचाच सेट निघाला. मालकाला नुसता ट्यूनर मागू नका, अख्खा मेलेला सेट घ्या. नॉब, वॉशर, पट्टी सगळं कामाला येतं. आणि हो, भाव मालकालाच सांगू द्या.

कापसाच्या हंगामात जिनिंगवाल्यांकडे जाऊ नका, जुन्या गाड्या त्यांच्याकडे असतात पण वेळ नसतो. होळीनंतर बरं. दुपारी गाडी उन्हात तापवून रेडिओ लावून पाहा. जर्मेनियम तापला की आवाज फाटतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो फाटणारच असेल तर आधीच कळलेलं बरं.

जोडण्याआधी गाडीच्या बॉडीला बॅटरीचं प्लस जोडलंय की मायनस (म्हणजे अर्थिंग) ते बघा, उलटं जोडलं तर सगळं गेलं. मग १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन धरून एरियलचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवा, आवाज सर्वात मोठा येईल तिथं सोडा. इंजिनाची कटकट ऐकू येत असेल तर इग्निशन कॉइलच्या एसडब्ल्यू (चावीकडच्या) टोकाला १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा, सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकरकडच्या) टोकाला नाही.