ढोलीसमोरचे तीन तास

गुरुवार, रात्री

आज उजाडल्यापासून एकाच झाडासमोर बसून होतो. पर्जन्यवनात पहिल्या दिवशी सगळंच बघायची घाई असते आणि काहीच दिसत नाही. नुसती हिरवी गर्दी. आज चौथ्या दिवशी कुठे नजर बसली.

बुंध्यात खूप वर ढोली आहे. आत महाधनेशाची, म्हणजे थोरल्या चोचीच्या त्या मोठ्या पक्ष्याची, मादी. तिने विष्ठेने तोंड लिंपून घेतलंय, चोचीपुरती फट तेवढी उघडी. आत असताना तिची पंखांची पिसं झडतात, म्हणजे नराने आणलं तरच खायचं. सव्वासातला तो आला. आधी पंख ऐकू आले, कुणी जाड चादर झटकत असावं तसे. फटीपाशी बसून त्याने घशातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि आत दिलं. मग दुसरं. मी मोजत गेलो : २३ फळं, एकेक करून. इतकी हळुवार चोच मी पाहिली नव्हती.

झाडाखाली बियांचा सडा आहे, काहींना कोंब फुटलेत. कितीतरी मोठ्या बियांची झाडं अशी धनेशाच्या भरवशावर लांबवर पसरतात.

ढोली दाखवली ती इथल्याच एका वयस्कर गृहस्थांनी. तरुणपणी आपण अशाच ढोल्यांतून पिल्लं काढायचो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. ते ऐकताना काल रात्रीचा वाद आठवला. मित्राचं म्हणणं, जंगलातून माणसं हलवा, बाकी जंगल बघून घेईल. कधीकाळी मीही हेच म्हणायचो. आता नाही म्हणवत. युगांडातलं ब्विंडी १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यानपिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्या बाट्वा लोकांना ते बंद झालं. तिथले गोरिला वाढले हे खरं. बाट्वा उघड्यावर पडले हेही तितकंच खरं. २०२२ मध्ये देशांनी ठरवलंय, २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचा. मला ते हवंच आहे. पण राखणार कोण, हे आधी ठरू दे. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास न्यीशी जमातीचे गावकरीच धनेशाच्या ढोल्या सांभाळतात, त्यांतले काही पूर्वीचे शिकारी. कुठली ढोली यंदा भरली, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

दुसऱ्या खेपेला नर समोरच्या फांदीवर येऊन थांबला. वीस मिनिटं झाली तरी पुढे येईना. मी दुर्बीण लावून बसलेलो. गृहस्थांनी माझं कोपर ओढलं आणि मागच्या वेलींच्या जाळीआड नेलं. दोन मिनिटांत तो फटीपाशी होता. म्हणजे तेवढा वेळ ती माझ्यामुळे उपाशी राहिली होती.

उद्या पहिल्यापासून जाळीआडच बसायचं.