घेतलाय ना आपण?

नेट गेलं होतं. भाच्याने गेम उघडला, तर स्क्रीनवर आलं, 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.' एकट्याने खेळायचा गेम, रीतसर पैसे भरून घेतलेला!

"मामा, घेतलाय ना आपण? मग परवानगी कुणाची लागते?"

दिवसभर तो प्रश्न डोक्यातून जाईना. चोरून खेळणारे हे सर्व्हरच्या परवानगीचं कुलूप तोडून निवांत खेळतात, अडतो तो पैसे मोजणारा. हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

पोलंडमधून सुरू झालेलं जीओजी हे गेमचं ऑनलाइन दुकान २००८ पासून बिनकुलपाचे गेम विकतंय. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवायचा, उद्या दुकान बंद पडलं तरी गेम चालतो. २०१५ चा 'द विचर ३' तिथे पहिल्या दिवसापासून असाच मिळत होता, आणि तो तुफान खपला.

यापुढे मी आधी तिथेच शोधणार. तुम्ही गेम घेताना हे बघता का?