रांग किती लांब ठेवायची?

अर्ज भरायची मुदत संपत आली की आमच्या सर्व्हरवर झुंबड उडायची आणि तक्रार ठरलेली: 'पान मध्येच अडकतंय.' सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, डेटाबेसवरही ताण नाही. आमचा जावा प्रोग्राम चालवणाऱ्या टॉमकॅटच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) एकही विनंती अर्ध्या सेकंदावर गेलेली नाही. त्याच्या पुढे बसून बाहेरच्या विनंत्या त्याच्याकडे पाठवणाऱ्या एनजिनएक्सच्या लॉगमध्ये मात्र काही विनंत्यांना एक सेकंद जास्त, काहींना तीन. मधलं काहीच नाही.

मला दिशा मिळाली ती या आकड्यांमुळेच. कनेक्शन मागणाऱ्या पहिल्या संदेशाला, म्हणजे सिन पॅकेटला, उत्तर आलं नाही, तर आमचा लिनक्स ते एका सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग आणखी दोन सेकंदांनी. म्हणजे कोड हळू नव्हताच, कनेक्शनं दारावरच अडत होती.

तिथे दोन रांगा असतात. एक हँडशेक (कनेक्शन जुळवताना दोन्ही बाजूंत होणारी सुरुवातीची देवाणघेवाण) अर्धवट असलेल्यांची, दुसरी हँडशेक पुरा होऊन प्रोग्रामने आत घ्यायची वाट बघणाऱ्यांची. ही दुसरी भरली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवीन सिन टाकून देतो आणि कुणाला काही कळवत नाही.

मूळ मशीनवर (होस्टवर) एसएस ही सॉकेट दाखवणारी कमांड चालवून काहीच दिसेना, कारण टॉमकॅट कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच मशीनवरच्या बंदिस्त कप्प्यात, आणि कंटेनरची नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचं स्वतंत्र जग) वेगळी. एनएसएंटर या कमांडने आत शिरलो. लिसन अवस्थेतल्या सॉकेटपुढे सेंड-क्यूच्या रकान्यात रांगेची मर्यादा दिसते आणि रिसीव्ह-क्यूमध्ये आत्ता थांबलेल्यांची संख्या. एरवी 0, मग अचानक 101, पुन्हा 0. मर्यादा 100, कर्नल एक जास्तीचं घेतो. त्याच क्षणी एनस्टॅट या कमांडमधला लिसन-ओव्हरफ्लोजचा, म्हणजे रांग भरून वाहिल्याचा, आकडा उडी मारायचा. हे 100 म्हणजे टॉमकॅटच्या अ‍ॅक्सेप्ट-काउंट या सेटिंगची डीफॉल्ट किंमत, कुणी कधी हात न लावलेली.

पण रांग भरते कशामुळे? गार्बेज कलेक्शनचा (जीसी, म्हणजे जावाने नको झालेली मेमरी साफ करणं) लॉग शेजारी ठेवला आणि उलगडा झाला. जावाचे सगळे थ्रेड अधूनमधून 400 मिलिसेकंद थांबायचे, कनेक्शन आत घेणारा थ्रेडही. गर्दीत सेकंदाला 800 नवी कनेक्शनं. 800 गुणिले 0.4, म्हणजे 320. सरासरी भार बघून रांगेचं माप निघत नाही, प्रोग्राम जास्तीत जास्त किती वेळ गप्प बसतो ते बघावं लागतं. थोडी मोकळीक ठेवून 512 ठरवलं.

तरी सेंड-क्यू 128च! कारण सोमॅक्सकॉन ही कर्नलची रांगेवरची कमाल मर्यादा, त्याच्यावर कर्नल जाऊच देत नाही. लिनक्स 5.4 पासून तो मुळातच 4096 असतो, आमचा कर्नल जुना. होस्टवर वाढवूनही उपयोग झाला नाही, कारण तोही नेमस्पेसगणिक वेगळा. कंटेनर सुरू करतानाच द्यावा लागला.

"सर, मग सरळ 4096च करू या ना," टीममधला एकजण म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं. सेकंदाला 800 उरकणाऱ्या सर्व्हरपुढे एवढी रांग म्हणजे पाच सेकंदांची वाट. तोवर माणूस कंटाळून रिफ्रेश करतो, जुनी विनंती रांगेतच राहते आणि सर्व्हर निघून गेलेल्यांची कामं करत बसतो.

त्यापेक्षा एनजिनएक्स ते टॉमकॅट कीप-अलाइव्ह सुरू केलं, म्हणजे एकच कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा पुन्हा वापरायचं. त्यामुळे नवी कनेक्शनंच घटली आणि पुढच्या मुदतीला ओव्हरफ्लोचा आकडा जागचा हलला नाही. त्यावर आता अलर्ट आहे. तो वाजला की आधी जीसीचा लॉग उघडायचा, रांगेला हात नंतर.