अडवणारी क्वेरी ‘ॲक्टिव्ह’ नव्हतीच: माझा अनुभव

बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी डेटाबेसचं काम बघते. आमचं सॉफ्टवेअर दूध संकलनाचं. खानापूर, चिक्कोडी, निपाणी भागातल्या संस्था सकाळ-संध्याकाळ दूध घेतात, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि इतर घनपदार्थ) लागला की नोंद आमच्याकडे येते, उत्पादकाच्या चालू बिलात भर पडते आणि मगच केंद्रावर स्लिप निघते. पसारा वाढला तसं आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसवर सायटस, म्हणजे एकच डेटाबेस अनेक मशीनवर वाटणारी जोडणी, बसवलं: कामं वाटून देणारा एक कोऑर्डिनेटर, डेटा सांभाळणारे दोन वर्कर आणि संस्था क्रमांकावरून शार्डिंग, म्हणजे डेटाचे तुकडे (शार्ड).

एका संध्याकाळी ऐन संकलनाच्या वेळी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका सचिवांचा फोन आला. “मॅडम, स्लिप निघंना झालीय बघा. माणसं किटल्या घेऊन उभी हाईत.” पाठोपाठ त्याच तालुक्यातल्या नंदगड भागातून तीच तक्रार. निपाणी-चिक्कोडीकडे मात्र सगळं सुरळीत चाललं होतं. तिन्ही मशीनचा सीपीयू निवांत होता. मशीन दमलं असतं तर सगळ्यांनाच त्रास झाला असता. एकाच तालुक्याची कामं अडतात आणि सीपीयू रिकामा असतो, तेव्हा कुणीतरी लॉक धरून (म्हणजे त्या नोंदी इतरांना बदलता येणार नाहीत अशा अडवून) बसलंय हे जवळजवळ नक्की समजावं.

कोऑर्डिनेटरवर ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ हा सेशनची यादी दाखवणारा व्ह्यू उघडला, ‘ॲक्टिव्ह’ क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आणि आत्ता चालू असलेल्या आज्ञा, तेवढ्या गाळून घेतल्या आणि सर्वांत जुनी वर येईल असं लावलं. खानापूरच्या संस्थांचे अपडेट एकाखाली एक अडकलेले दिसले, पण त्यांच्यापुढे लॉकची वाट बघत असल्याची खूण कुठेच नव्हती. याचं कारण सायटसच्या रचनेत आहे. ओळ ज्या शार्डमध्ये असते तो शार्ड वर्करवर असतो, त्यामुळे तिचं लॉकही वर्करवरच लागतं. कोऑर्डिनेटर फक्त उत्तराची वाट बघत थांबतो. आणि हा व्ह्यू ज्या नोडवर (मशीनवर) उघडाल त्या नोडपुरतंच सांगतो.

सगळ्या क्लस्टरचं एकत्र बघायला ‘सायटस स्टॅट ॲक्टिव्हिटी’ हा व्ह्यू आहे, २०२२च्या सायटस ११ पासून. त्यात एकच काम दोनदा दिसतं: एकदा क्लायंटकडून आलेलं आणि एकदा वर्करवर पाठवलेलं. ‘इज वर्कर क्वेरी’ या कॉलमवरून ते वेगळे करता येतात. वर्करवरच्या ओळींत ‘वेट इव्हेंट टाइप’पुढे ‘लॉक’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्येक ओळीला ग्लोबल पीआयडीही असतो. त्याचे शेवटचे दहा अंक म्हणजे त्या मशीनवरचा प्रोसेस क्रमांक आणि त्याआधीचे अंक म्हणजे नोडचा क्रमांक. वर्करवरच्या ओळीच्या ‘ॲप्लिकेशन नेम’मध्ये मूळ क्वेरीचा ग्लोबल पीआयडी लिहिलेला असतो, म्हणून कुठलं काम कुठून निघालं हे जुळवता येतं.

इथे एक अडचण आपल्या भागाची म्हणून सांगते. आमच्या जुन्या कोडमध्ये स्लिपचा मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत थेट क्वेरीतच लिहिलेला असतो. पोस्टग्रेस चालू क्वेरीचा मजकूर मुळात १०२४ बाइटपर्यंतच दाखवतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळे धरून. म्हणजे जेमतेम ३४१ चिन्हं. आमचा ‘व्हेअर’, म्हणजे कुठली ओळ ते सांगणारा भाग, नेमका त्यापुढे येतो, त्यामुळे कुणाची ओळ अडकलीय ते दिसेचना. ही मर्यादा ठरवणारा ‘ट्रॅक ॲक्टिव्हिटी क्वेरी साइझ’ वाढवता येतो, पण त्याला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. तो आम्ही नंतर, दुपारच्या निवांत वेळी, तिन्ही नोडवर वाढवून घेतला.

मग ‘सायटस लॉक वेट्स’ हा दुसरा व्ह्यू उघडला. कोण थांबलंय आणि कुणामुळे, हे तो जोडीनं सांगतो. थांबलेले अनेक, अडवणारा ग्लोबल पीआयडी मात्र सगळ्यांपुढे एकच. तो क्रमांक माझ्या आधीच्या यादीत शोधला, तर तिथे नव्हताच! कारण मी फक्त ‘ॲक्टिव्ह’ बघत होते आणि त्या सेशनची अवस्था होती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. काम करून झालेलं, कमिट न झालेलं (म्हणजे पक्कं न केलेलं) आणि लॉक तसंच धरलेलं. सर्वांत जास्त वेळ चाललेली क्वेरी मारून टाकायची सवय अनेकांना असते. मला ती अजिबात पटत नाही. तसं केलं असतं तर रांगेत उभ्या उत्पादकाची नोंद गेली असती आणि अडवणारा जागचा हलला नसता.

सेशन हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याचं होतं. खानापूरच्या संस्थांची पशुखाद्य कपात चालू बिलात लावायला घेतलेली, टूलमध्ये ऑटो-कमिट बंद, आणि स्वारी वडगावला घरी निघालेली. आधी त्याला फोन केला. कुणाचं अर्धं काम न विचारता फेकून देणं मला बरोबर वाटत नाही. “घालवा की, सकाळी परत लावतो,” म्हणाला. अशा सेशनवर ‘पीजी कॅन्सल बॅकएंड’ काही करत नाही, कारण ते चालू क्वेरी थांबवतं आणि इथे चालू असं काहीच नसतं. ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’ला तो ग्लोबल पीआयडी दिला. ट्रान्झॅक्शन सगळ्या नोडवर रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं गेलं, आणि अडकलेल्या नोंदी भराभर पुढे सरकल्या. जांबोटीला मी स्वतः फोन लावला, तर पलीकडून प्रिंटरचा आवाजच ऐकू येत होता.

आता हिशेबाच्या लॉगिनला ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ लावलाय, म्हणजे असं लटकलेलं सेशन ठरावीक वेळेनं आपोआप बंद होतं. पोस्टग्रेस ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, तो आहे आणि सगळ्यांनी लावावा असं मी कळकळीनं सांगेन. प्रत्येक तालुक्याच्या कनेक्शनला ‘ॲप्लिकेशन नेम’ही दिलंय, पण ते रोमन लिपीत. देवनागरीत दिलं तर आमच्या आवृत्तीत नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.

संकलनाच्या लॉगिनला लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती वेळ थांबायचं ती मर्यादा) किती ठेवायचा यावर मात्र ऑफिसात अजून एकमत नाही. कमी ठेवला तर नेटवर्क संथ असलेल्या कणकुंबीसारख्या भागातल्या केंद्रांना पुन्हापुन्हा नोंद पाठवावी लागेल. जास्त ठेवला तर रांग खोळंबते. माझं मत कमी ठेवण्याकडे आहे, म्हणजे निदान सचिवांना पडद्यावर लगेच काहीतरी उत्तर दिसेल.