चार महिने आणि एक वजाबाकी: छोट्या एसयूव्हीला ट्रेलर जोडण्याचा माझा अनुभव

कामाचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी चिडणार आहे. जर्मनीत तुम्ही जुनी गाडी घेतली असेल आणि तिला ट्रेलर जोडायचा असेल, तर ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खांबावरची पट्टी बघा. काही गाड्यांत ती बॉनेटखाली असते. पट्टीवर चार आकडे असतात. पहिला म्हणजे माणसं-सामान धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन, दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून. खालचे दोन पुढच्या आणि मागच्या आसावर (ॲक्सलवर) किती भार चालेल त्याचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी साधारण किती ओढू शकते ते कळतं. दुसऱ्या आकड्याच्या जागी रेघ किंवा शून्य असेल तर विषय बहुतेक तिथेच संपला.

माझ्या गाडीच्या पट्टीवर १६९० आणि २६९० होते. चौथीतलं पोर सांगेल, १००० किलो. हे कळायला मला ३० मार्च ते जुलैचा मध्य एवढा काळ लागला, आणि कळलं तेही दुसऱ्याने बोट दाखवल्यावर.

३० मार्चला, पाडव्याच्या कार्यक्रमात, गणपतीच्या सामानाचा विषय निघाला. आम्ही न्यूरेंबर्गजवळ राहतो. मंडळाचं मखर, ढोल, पाट, मोठी पातेली हे सगळं एका सभासदाच्या तळघरात असतं, आणि हॉल तिथून चाळीस किलोमीटरवर. दरवर्षी व्हॅन भाड्याने घ्यायचो. यंदा मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्याकडे एसयूव्ही आहे. हुक बसवून घेतो, ट्रेलर शेजारच्या आजोबांचा आहेच." टाळ्या वाजल्या. बायकोने वाजवल्या नाहीत.

एसयूव्ही म्हणजे काय, तर एक लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली उंच हॅचबॅक. दोन वर्षांपूर्वी स्वस्त मिळाली, कारण ती मूळची युरोपातल्या दुसऱ्या देशासाठी बनलेली आणि तिथून आयात केलेली होती. कंपनीचं नाव घेत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीचा कागद, इथल्या भाषेत फारझॉइगशाइन, उघडला. त्यात ओ.१ नावाचा रकाना असतो, ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोचा चालेल त्याचा. ओ.२ बिनब्रेकच्या ट्रेलरचा. तेरा नंबरचा रकाना ट्रेलरच्या दांड्याचा हुकावर वरून किती भार चालेल त्याचा. माझ्या कागदात तिन्ही ठिकाणी आडवी रेघ होती, बाकी काही नाही.

हुक बसवणाऱ्या गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं की रेघ असेल तर मी हात लावणार नाही, आधी कंपनीकडून लेखी आणा. त्याची चूक नव्हती. छोट्या गाड्यांत खरोखरच काहींना मान्यता नसते. ह्युंदाई कोना इलेक्ट्रिकच्या पहिल्या पिढीला ट्रेलर ओढायची मुभाच नव्हती. टोयोटा यारिस क्रॉस हायब्रिडला आहे, पण ७५० किलोचीच. गाडीचा आकार बघून किंवा जाहिरातीत ती डोंगर चढताना बघून काही ठरवू नये.

मग मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. तारीख लक्षात आहे, ४ एप्रिल. बाई गोड बोलल्या. तक्रार नंबर दिला आणि पंधरा दिवसांत उत्तर येईल म्हणाल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की गाडीच्या कागदाची प्रत टपालाने पाठवा. टपालाने! गाडी आपोआप ब्रेक मारते, रेघ ओलांडली तर स्टिअरिंग थरथरवते, आणि तिची कंपनी तिकीट लावलेलं पाकीट मागते. पाठवलं.

मे महिन्याच्या मध्यावर पत्र आलं. आपली गाडी अमुक देशाच्या बाजारासाठी बनलेली आहे, तरी कृपया त्या देशातल्या वितरकाशी संपर्क साधावा. त्या वितरकाला इंग्रजीत मेल केला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: गाडीची नोंदणी आता जर्मनीत आहे, तेव्हा जर्मनीत विचारा. एवढ्यासाठी त्यांना अकरा दिवस लागले. सासरच्यांनी हाकललं, माहेरच्यांनी घेतलं नाही, अशी गाडीची गत.

पुन्हा गोड बाई. नाही, या वेळी दुसऱ्या होत्या, आणि जुना तक्रार नंबर बंद झाला होता, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यात सातव्या ओळीत प्रश्न होता: गाडीला बसवलेल्या हुकाचा मेक आणि मान्यता क्रमांक काय? मी म्हटलं, हुक बसवलेलाच नाही, तुमचं पत्र आल्याशिवाय गॅरेजवाला बसवत नाही. त्या म्हणाल्या, तो रकाना रिकामा असेल तर सिस्टिम फॉर्म घेत नाही. आधी कोंबडी की आधी अंडं हा प्रश्न मला जर्मन भाषेत अधिकृतपणे विचारला गेला होता. शेवटी मी नेटवर दिसलेल्या एका हुकाचा नंबर तिथे टाकला. (हे करू नका असं सांगायला हवं, पण दुसरा मार्ग काय होता ते मला अजून सुचलेलं नाही.)

या मधल्या काळात सल्ल्यांचा पाऊस. न्यू जर्सीचे भाऊजी म्हणाले, "अरे, एवढी छोटी ट्रॉली ना? ओढेल की." त्यांच्याकडे टोयोटाची आरएव्ही-४ हायब्रिड आहे. तिला अमेरिकेत १७५० पौंड, म्हणजे ७९४ किलो. युरोपात चारही चाकांना ताकद असलेल्या त्याच गाडीला १६५० किलो. मी हे त्यांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी थापा मारतोय. गाडी तीच, हिशेब वेगळे. तिकडे ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर ठेवायची पद्धत आहे आणि लोक हायवेच्या वेगाने ओढतात. इकडे हुकावरचा भार त्याहून बराच कमी असतो आणि ट्रेलरसकट वेगाची मर्यादा साधारण ८०. म्हणून अमेरिकेतला किंवा भारतातला आकडा इथे सांगू नका, इथला तिथे नको.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ग्राहक सेवेचं तिसरं पत्र आलं. प्रमाणपत्र मिळेल, शुल्क शंभर युरोच्या वर, आणि पैसे जमा झाल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. मी कॅलेंडर काढलं. चतुर्थी २७ ऑगस्टला. आठ आठवडे म्हणजे सप्टेंबर, म्हणजे विसर्जनानंतर. ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती, "दादा, ट्रेलरचं नक्की ना?" मी अंगठ्याचं चित्र टाकत होतो.

त्याच शनिवारी मी गॅरेजवाल्याकडे गेलो. काही मिळवायला नाही, फक्त कुणाकडे तरी मन मोकळं करायला. साठीचा तुर्की माणूस, हात तेलाने काळे. त्याने सगळं ऐकून घेतलं, काही न बोलता माझ्या गाडीचं दार उघडलं, गुडघ्यावर बसला आणि पट्टीवर अंगठा ठेवला. "दोन वजा एक किती?" मी सांगितलं. "मग कागदात रेघ का?" मला काय माहीत! "गाडी बाहेरून आली तेव्हा सोबत एक सीओसी आलं असेल. ते कुठे आहे?"

सीओसी म्हणजे गाडी युरोपच्या मान्यतेप्रमाणे बनली आहे असं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र. आयात गाडीची नोंदणी त्याच्याच आधारे होते. ते माझ्याच कपाटात होतं, फ्लॅटचा करार आणि पोरीच्या लसीकरणाचं पुस्तक यांच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. परक्या भाषेत होतं, पण रकान्यांचे नंबर सगळ्या देशांत सारखे असतात. १८ नंबरखाली: मध्यभागी आस असलेला ट्रेलर १००० किलो, बिनब्रेकचा ६२० किलो. १९ नंबरला हुकावरचा भार ७५ किलो. म्हणजे नोंदणी करताना कुणीतरी हे आकडे उतरवून घ्यायचे राहिले आणि तिथे रेघ मारली. चुकलं असेल, माणूस आहे. पण चार महिन्यांत ग्राहक सेवेतल्या एकाही गोड आवाजाला विचारावंसं वाटलं नाही की, साहेब, तुमच्याकडे सीओसी आहे का? एक वाक्य. बरं, मला तरी सुचलं का? बायको हे वाक्य रोज म्हणते, म्हणून इथे लिहिलं.

पुढचं भराभर झालं. नोंदणी कार्यालयाची वेळ २९ जुलैला मिळाली. सीओसी दाखवलं, मॅडमनी चष्मा वर करून वाचलं, नवा कागद छापला, पंधरा युरोच्या आत काम. बारा मिनिटं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हुक बसला, काढता येणारा, ट्रेलरच्या दिव्यांसाठी लागणाऱ्या तेरा पिनांच्या सॉकेटसकट, वायरिंग आणि मजुरी धरून ९०० युरो. सॉकेट सात पिनांचं घेऊ नका. जुना ट्रेलर सात पिनांचा असेल तर छोटा अडॅप्टर मिळतो. आणि हुक बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला तो कळवावा लागतो, नाहीतर रिव्हर्स घेताना सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून बोंबलतो.

आता ज्याबद्दल कुणीच सांगत नाही ते. सगळे "किती ओढते" विचारतात. खरा चिमटा बसतो तो "गाडीत किती भरता येतं" याचा. कागदात एफ.२ म्हणजे कमाल वजन, माझं १६९०. जी म्हणजे रिकामं वजन, १२४६. फरक ४४४ किलो. या १२४६ मध्ये ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच बसलेला असतो. मी ८४ चा आहे, तेव्हा वरचे नऊ मोजायचे. हुकाचे स्वतःचे बावीस. आणि ट्रेलरचा दांडा हुकावर जो भार टाकतो तो ट्रेलरचा नाही, गाडीच्या पोटातला धरायचा. शिवाय तो मागच्या आसाच्याही मागे लोंबतो, त्यामुळे मागच्या आसावर स्वतःपेक्षा जास्त जोर देतो. मागे तीन गडी आणि डिकीत पातेली असतील तर एकूण वजन मर्यादेत असूनही आसाचा आकडा आधी ओलांडला जाऊ शकतो.

पुण्यात असताना आम्ही सात जण आणि टपावर दोन गाद्या असे महाबळेश्वरला गेलोय, तेव्हा हा सगळा हिशेब मला सुरुवातीला भंपक वाटायचा. वजनकाट्यावर गेलो आणि वाटेनासा झाला.

कार्यक्रम शनिवारी, ३० ऑगस्टला होता. शुक्रवारी संध्याकाळी सामान भरलं आणि जवळच्या गावातल्या शेतकरी सहकारी संस्थेच्या काट्यावर गेलो. काही युरो घेऊन ते वजन करून देतात, पण वेळ आधी विचारा, काटा लवकर बंद होतो. आधी एकटा ट्रेलर: ६७० किलो. आजोबांचा ट्रेलर बिनब्रेकचा, म्हणजे माझी मर्यादा ६२०. ट्रेलरच्या पाटीवर तर कमाल वजन ७५० लिहिलेलं होतं! इथे बरेच जण फसतात. लायसन्ससाठी पाटीवरचा आकडा बघतात, ७५० पर्यंतच्या ट्रेलरला साधं बी लायसन्स पुरतं. पण तुमची गाडी किती ओढते हे बघताना काट्यावरचं खरं वजन मोजतात. रिकामा ट्रेलरच १४० चा, म्हणजे मला सामानाला ४८० मिळत होते आणि आम्ही ५३० कोंबले होते.

स्टेजचे लोखंडी पाय आणि फळ्या उतरवल्या. मंडळातल्या एका काकांची स्टेशन वॅगन आली, कपाळावर आठ्या घालून त्यांनी त्या घेतल्या. ट्रेलर ५९० वर आला. ढोल मागे आणि मखर पुढे असं रचलं होतं, तेही बदललं. जड सामान आसावर, किंचित पुढे. मागे भार गेला तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. दांड्याखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरचा बाथरूमचा काटा ठेवून भार मोजला, ४५ किलो. मग ट्रेलर जोडून, चौघं आत बसून, फक्त गाडीची चाकं काट्यावर घेतली: १६५०. चाळीस किलो शिल्लक. रात्री शेजारी म्हणाले, आमची दोन पोरंही न्या. मी नाही म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणायला माझ्याकडे छापील पावती होती.

रस्ता सरळ होता. चढावर तिसरा गिअर, ट्रक मागून दिवे दाखवत होते, ८० च्या वर मी गेलो नाही. आल्प्समध्ये न्यायचा विचार असेल तर गाडीचं मॅन्युअल वाचा. बऱ्याच कंपन्या १००० मीटरच्या वर दर हजार मीटरला एकूण वजन दहा टक्क्यांनी कमी करायला सांगतात, कारण विरळ हवेत इंजिन दमतं. आणि ट्रेलर नसताना हुक नंबर प्लेटला झाकत असेल तर तो काढून ठेवा.

परवा मंडळाची बैठक झाली. पुढच्या वर्षी पथकात आणखी सहा ढोल घ्यायचे ठरतंय. मी ग्रुपवर काट्याच्या पावतीचा फोटो टाकला आहे. अजून कुणी काही बोललेलं नाही.